चहा तेवढा गरम हवा

गेल्या महिन्यात मी सहज एक ओळ टाकली होती की दुपारच्या चहाला माणसं बोलवायची असतील आणि त्यात काही थीमबीम करायची असेल तर विचारा, आणि आता बघते तर जवळजवळ सगळी पत्रं त्याच विषयावर आलीयत. लोणच्याला बुरशी का येते असं विचारणारी दोन पत्रं आहेत ती पुढच्या अंकात घेते, तोवर एवढंच सांगते की बरणी कोरडी नव्हती.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंना पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्या फोर्टमधल्या एका बँकेत नोकरीला होत्या आणि लग्नाआधी सासरे त्यांना इराण्याकडे भेटायचे, घरी न सांगता. म्हणून इराणी कॅफे थीमची टी पार्टी ठरवलीये, घरीच, टू बीएचके, बावीस माणसं. मेनूत बनमस्का, ब्रून, खारी, मावाकेक, अकुरी, खिमापाव, बेरी पुलाव आणि कॅरॅमल कस्टर्ड एवढं लिहून काढलंय. नवरा म्हणतो केटरर सांग, पण मला स्वतः करायचंय. वेळ, मेनू, सजावट, सगळंच सांगा. (एक सून, डोंबिवली)

उत्तर : अगं (तू ताई म्हटलंयस म्हणून मी सरळ अगंतुगं करते), थीम इतकी गोड आहे की मला आधी सासूबाईंना भेटावंसं वाटायला लागलंय. पण तुझी यादी वाचून मला माझीच एक पार्टी आठवली. बहिणीसाठी केलेली, 18 माणसं, आणि मी ठरवलेलं की सगळ्यांना गरमागरम बटाटेवडे द्यायचे. दिले पण. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमध्ये माझी फक्त पाठ आहे, कढईकडे तोंड करून उभी, आणि एका फोटोत तर पाठसुद्धा नाही, नुसता झारा आहे. तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तो मी सगळ्यांना ऐकवते: दुपारच्या चहाला गरम फक्त चहा. बाकी ताटातलं सगळं गार असताना पण चांगलं लागलं पाहिजे, आणि शक्यतो आदल्या दिवशी तयार झालेलं पाहिजे.

आता या नियमात तुझी यादी घाल. अकुरी गेली, कारण अंडी तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांत त्यांचं रबर होतं आणि बावीस जणांची अकुरी एका घाण्यात होत नाही. खिमापाव आणि बेरी पुलाव पण गेले, ते जेवण आहे, चहा नाही. बेरी पुलाव खायचाच असेल तर तो बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा, 1923 पासूनचं दुकान आहे, सासूबाईंना वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिथे घेऊन जा, ऑफिसच्या जुन्या रस्त्यांवरून एक चक्कर पण होईल. राहिलं काय, तर बन, ब्रून, मस्का, खारी, नानकटाई, मावाकेक, कस्टर्ड. अगं हाच तर इराणी! काचेच्या बरण्यांमधून निघायचं ते हेच सगळं.

प्रमाण सांगते. बन 24 आणा, त्याच दिवशी सकाळचे, आणि ब्रून 10, कारण ब्रून सगळे घेत नाहीत, ज्यांच्या दातांत दम आहे ते घेतात, आणि तेही चहात बुडवून. मस्क्याला अर्धा किलो खारं बटर, सकाळीच फ्रीजबाहेर काढून ठेव, कडक बटर बनला लावायला गेलीस की बन फाटतो आणि मग सगळं चिरडल्यासारखं दिसतं. हात आखडू नकोस हं, बटर दिसलं पाहिजे, बनमस्क्यात मस्का दिसला नाही तर तो नुसता बन. खारी हलकी असते, पाऊण किलो डोंगराएवढी दिसते. नानकटाई अर्धा किलो. आणि काहीतरी तिखट हवंच आपल्या लोकांना, नाहीतर पाच वाजता कुणीतरी हळूच विचारतं की चिवडा आहे का गं, तर बेकरीतले व्हेज पॅटीस 25 घे आणि माणसं यायच्या आधी ओव्हनमध्ये 150 वर दहा मिनिटं ठेव, ते कोमट झाले तरी चालतात. ओव्हन नसेल तर बेकरीवाल्याला सांगून साडेतीनलाच आणायला कुणाला तरी पाठव. या कामाला नवरा.

मावाकेक घरी कर. 1914 चं ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान मावाकेकसाठीच नावाजलेलं, सासूबाईंच्या जिभेवर कदाचित तीच चव असेल, तर तुलना होणारच, घाबरू नकोस. 150 ग्रॅम ताजा खवा आणि 100 ग्रॅम बटर हाताने छान फेटायचं, त्यात 200 ग्रॅम पिठीसाखर, मग एकेक करून 3 अंडी, मग 200 ग्रॅम मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर चाळून, आणि वेलची, वेलचीत कंजुषी नको, सपाट एक चमचा पूड तरी हवीच. घट्ट वाटलं तर अर्धा कप दूध. कपकेकच्या साच्यात 170 वर वीसेक मिनिटं. एवढ्यात पंधरा होतात, दोन घाणे कर. आदल्या दिवशी केलेस तर जास्त चांगले लागतात, वेलची मुरते, फक्त खवा असल्यामुळे डोंबिवलीच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, फ्रीजमध्ये ठेव आणि दुपारी बाराला बाहेर काढ. कॅरॅमल कस्टर्ड पण आदल्या दिवशीचंच असतं, तेव्हा ते यादीत राहू दे, पण वाट्यांमध्ये सेट कर, कापायची भानगड नको.

आता चहा. इथे मात्र जीव ओत, कारण मी तुझं बाकी सगळं काम काढून घेतलंय ते यासाठीच. इराण्याचा चहा आपल्यासारखा एका पातेल्यात सगळं टाकून उकळायचा नसतो. दोन पातेली. एकात तीन लिटर पाणी आणि 100 ग्रॅम सीटीसी पावडर, बारीक दाण्याची आसाम, झाकण ठेवून मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं, मग गाळून घ्यायचा, पत्ती आत राहू द्यायची नाही कारण राहिली की कडवटपणा उतरतच राहतो. दुसऱ्यात तीन लिटर फुल क्रीम दूध आणि 300 ग्रॅम साखर, ढवळत ढवळत अडीच लिटरपर्यंत आटवायचं. कपात आधी डिकॉक्शन, वरून दूध, कमीजास्त ज्याला हवं तसं. यात आलं नाही, मसाला नाही, गवती चहा तर नाहीच, कुणी मागितलं तर बोर्डाकडे बोट दाखव (बोर्डाचं पुढे सांगते). आणि सासूबाईंना विचार की त्या ‘पानी कम’ मागवायच्या का, मुंबईच्या इराण्याकडे कडक आणि दुधाळ हवा असेल तर असंच सांगायचे, हा शब्द तू नुसता उच्चारलास तरी बघ त्यांचा चेहरा.

एवढ्यात साधारण 44 कप होतात, म्हणजे माणशी दोन, आणि कुणी ना कुणी तिसरा घेतोच पण कुणीतरी चहा सोडलेला पण असतो, हिशोब जुळतो. ज्यांना साखर चालत नाही त्यांच्यासाठी अर्धा लिटर दूध आधीच बाजूला काढून बिनसाखरेचं गरम करून ठेव, पंचाहत्तरीला येणाऱ्या पाहुण्यांत असे चार-पाच तरी असतातच, आणि ऐन वेळी ‘माझा बिनसाखरेचा हं’ झालं की धावपळ होते. डिकॉक्शन थर्मासमध्ये भर, दूध सगळ्यात बारीक गॅसवर. दोन्ही एकत्र करून थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा अर्ध्या तासाने ऑफिसच्या मीटिंगमधल्या चहासारखा लागतो, ते करू नकोस. लहान मुलांना रास्पबेरी सोडा दे, पालनजीचा मिळाला तर उत्तमच, ती कंपनीच 1865 ची आहे, नाहीतर कुठलंही लाल सरबत सोड्यात.

कप जाड पांढरे आणि बशीसकट. कटिंगचे ग्लास आणू नकोस, कितीही ‘क्यूट’ दिसले तरी, कटिंग टपरीवरचं, आणि ज्या बाईने इराण्याकडे बसून प्रेम केलंय तिला फरक कळतो. बशी हवीच, त्या पिढीतले निम्मे लोक चहा बशीत ओतून पितात आणि घरी सुनेसमोर लाजतात.

सजावटीला मी फार वेळ देणार नाही. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, बरण्या, एक मोठं भिंतीवरचं घड्याळ, आरसा असेल तर आरसा. संगमरवरी टेबलं आणि त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या भाड्याने आणायच्या फंदात पडू नकोस, टू बीएचकेत बावीस माणसं आणि त्यात संगमरवर, लिफ्टवाला तुला शाप देईल. त्यापेक्षा खर्च बोर्डावर कर. इराण्याकडे सूचनांचा बोर्ड असायचा, केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका असलं काय काय, तसा एक मोठा बोर्ड तुझ्या घराचा लिही: ‘आजीला वय विचारू नये. सुनेला पगार विचारू नये. मावाकेक खिशात घालू नये, पर्स चालेल. आल्याचा चहा मागू नये. सासऱ्यांनी लग्नाआधीचं बिल कुणी दिलं हे आज तरी सांगावे.’ लोक दारातच हसायला लागतात आणि मग गेम्स वगैरे काही लागत नाहीत. सासरे आहेत ना गं? पत्रात नीट लिहिलं नाहीयेस. नसतील तर शेवटची ओळ काढ आणि त्या जागी काही लिहू नकोस, त्याऐवजी दोघांचा तेव्हाचा एखादा फोटो एका टेबलावर ठेव, दोन कपांसकट.

एक गोष्ट मात्र नको. कुणीतरी हौशी भाचा पारशी टोपी घालून ‘डिकरा’ करत फिरेल, त्याला आधीच थांबव. एक तर इराणी आणि पारशी हे एकच नव्हेत, पारशी कित्येक शतकं आधी गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि हे कॅफेवाले इराणी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आले, बरेच यझ्द आणि केरमानकडचे, त्यात झरथुष्ट्री होते तसे मुसलमानही होते. नक्कल करायची तर कॅफेची करा, माणसांची नको. धोबीतलावच्या 1904 च्या कयानीत जाऊन अर्धा तास बसून या, कल्पना जास्त मिळतील.

वेळ साडेतीन ते सहा लिही. साडेतीन म्हणजे सव्वाचार, हे गृहीत धर. आणि सहा छापच, नुसतं ‘साडेतीन वाजता’ लिहिलंस की लोक जेवायला थांबतात आणि मग तू रात्री नऊला पिठलं टाकत असशील.

प्रश्न : आमच्या भिशीत या वेळी माझ्याकडे पार्टी होती. आमंत्रणावर मी ‘हाय टी’ लिहिलं, कारण हॉटेलांत तसंच लिहितात. मिस्टर म्हणतात ते चुकीचं आहे, ‘आफ्टरनून टी’ हवं होतं. कोण बरोबर? (नाशिक)

उत्तर : मिस्टर. सांगायला वाईट वाटतंय पण मिस्टर.

इंग्लंडात आफ्टरनून टी म्हणजे दुपारी चारच्या सुमाराचा, बैठकीच्या खोलीतला, बुटक्या टेबलांवरचा नाजूक चहा. 1840 च्या आसपास बेडफर्डच्या डचेस ॲना बाईंना जेवणं उशिरा व्हायची म्हणून दुपारी पोटात खड्डा पडायचा आणि त्यांनी चहासोबत थोडं ब्रेड-बटर-केक खोलीत मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या, अशी गोष्ट सांगतात. (दुपारी चारला भूक लागते हा शोध लावायला इंग्लंडात डचेस लागली, आपल्याकडे कुठल्याही मावशीला विचारायचं होतं.) हाय टी म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट, कामगार माणूस कारखान्यातून संध्याकाळी पाच-सहाला घरी आला की जेवायच्या उंच टेबलावर मांस, चीज, पाव आणि कडक चहा, म्हणजे चक्क रात्रीचं जेवण. आपल्याकडच्या हॉटेलांना ‘हाय’ शब्द भारी वाटला म्हणून त्यांनी तो उचलला आणि आता नाशिकपासून नागपूरपर्यंत सगळे तेच लिहितात, तेव्हा तुमच्या भिशीत कुणाला फरक पडलेला नसणार. मिस्टरांना विचारा, पुढच्या भिशीला सँडविचच्या कडा कोण कापणार.

प्रश्न : हाय ताई, मी लेस्टरला असते. टीममधल्या दहा जणांना घरी बोलवायचंय, त्यांच्या पद्धतीचा आफ्टरनून टी पण मेनू सगळा मराठी, तीन मजली स्टँड वगैरे घेऊन. वडापाव-मिसळ नको, ते नेहमीच होतं. थालीपीठ ठेवू का स्कोनच्या जागी? (लेस्टर)

उत्तर : थालीपीठ गरम हवं, आणि वर माझा नियम वाचलास ना. दहा जण गप्पा मारतायत आणि तू तव्यासमोर भोक पाडत बसलीयेस, नको.

स्कोनच्या जागी घारगे कर. लाल भोपळा तिकडे तर ढिगाने मिळतो, तुझ्याकडे बटरनट स्क्वॉश असेल तो पण चालेल, गूळ घालून शिजवायचा, कणीक आणि थोडा रवा त्यात मावेल तेवढा, आणि बिस्किटाएवढे छोटे लाटून तळायचे. आदल्या दिवशी केलेले मऊ राहतात आणि गारच चांगले लागतात. त्यावर पांढरं लोणी, तिकडचं बिनमिठाचं कल्चर्ड बटर फेटून घेतलंस तर अगदी आजीच्या लोण्याजवळ जातं, आणि लोण्यावर मोरांबा. बघ, स्कोन, क्रीम आणि जॅम तिन्ही जागेवर आले की नाही! आणि मग त्यांच्यातल्या कुणाला तरी डेव्हन आणि कॉर्नवॉलचं भांडण उकरून काढू दे, डेव्हनवाले आधी क्रीम लावतात मग जॅम, कॉर्नवॉलवाले आधी जॅम मग क्रीम, आणि दोघांनाही दुसरा अडाणी वाटतो. तू म्हण आमच्याकडे आधी लोणी, कारण मोरांबा घारग्यावरून घसरतो, विषय संपला.

खालच्या मजल्यावर हिरव्या चटणीची सँडविचेस, सुरळीच्या वड्या आणि कोथिंबीर वडी. सुरळीची वडी तर अशा पार्टीसाठीच जन्माला आलीये, गार खायची, एका घासाची आणि दिसायला इतकी नाजूक की ते विचारणार हा कुठला पास्ता. मधल्या मजल्यावर घारगे, वरती नारळाच्या वड्या, सुपारीएवढे बेसन लाडू आणि चिरोटे. खाताना खालून वर जायचं असतं, तिखटाकडून गोडाकडे, ते त्यांना माहीत असतं, तुझ्या नवऱ्याला सांग, नाहीतर तो आधी लाडू उचलेल.

महत्त्वाचं म्हणजे आमंत्रण देतानाच ॲलर्जी विचारून घे आणि प्रत्येक पदार्थापुढे एक चिठ्ठी ठेव. तिकडच्या कायद्यातल्या 14 ॲलर्जनच्या यादीत शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू आहेतच, पण तीळ आणि मोहरी पण आहेत! म्हणजे तुझी सुरळीच्या वडीवरची फोडणी यादीत येते. आणि कुणी ग्लुटेन खात नसेल तर ‘बेसनच आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नकोस, आपल्या बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाच.

चहा दोन ठेव. एक आपला, आलं-वेलची घालून उकळलेला, आणि एक दार्जिलिंग, बिनदुधाचा, पाणी खळखळ उकळून मिनिटभर थांबायचं आणि मग तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि तिकडे तीन म्हणजे तीन असतात हं. तीनला पाच कमी असताना केस पुसत बसू नकोस.

प्रश्न : नमस्कार मॅडम, नातीचा सहावा वाढदिवस आहे. सौ.ची पितळी भातुकली माळ्यावर आहे, ती काढून भातुकलीची चहापार्टी करावी असा आमचा दोघांचा विचार आहे. सूनबाई म्हणते पिझ्झा मागवू. आठ मुलं येतील. मार्गदर्शन करावे. (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, नमस्कार. पिझ्झा मागवा, पण साडेसहाला, सगळं झाल्यावर, सूनबाईंचं पण ऐकलं पाहिजे. चार ते साडेपाच मात्र भातुकली.

पितळी भांडी चिंच आणि रांगोळीने, नाहीतर सरळ पितांबरीने घासून घ्या, पण त्यांत कोरडंच वाढा, चुरमुऱ्याचा चिवडा, पोळीचा लाडू सुपारीएवढा, कंदी पेढ्याचे चतकोर तुकडे (साताऱ्यात राहून पेढा नाही म्हणजे काय), आणि बाटलीच्या झाकणाने पाडलेल्या इवल्या पुऱ्या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कल्हईत काय होतं आपल्याला ठाऊक नाही, आणि कल्हई गेलेल्या पितळेत आंबट तर अजिबात नको, तेव्हा कोकम सरबत, ताक, शिकरण हे सगळं छोट्या स्टीलच्या वाट्यांत. स्टीलची भातुकली कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतला पाट-पोळपाट-जातं असा सेट कुणाकडे असेल तर तो मांडायला आणा, खायला नाही.

चहा म्हणजे कोमट वेलची दूध, किटलीतून. कोमट म्हणजे तुम्ही स्वतः बोट बुडवून बघितलेलं. मोठ्यांचा खरा चहा त्या खोलीत आणूच नका, मुलं उड्या मारतात आणि कप कलंडतो. पाठची दोन-तीन वर्षांची भावंडं येणार असतील तर शेंगदाणे आणि फुटाणे चिवड्यातून काढा, घशात अडकतात.

आणि यजमानीण नात असू दे, तुम्ही नाही. तिने वाढायचं, बाकीचे पाहुणे, एकाने दारातून यायचं, ‘पाणी घ्या’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘कशाला उगाच त्रास’ म्हणायचं. मुलांना हे सगळं कुणी शिकवलेलं नसतं पण बरोबर येतं, कुणी तरी एक ‘निघतो हं आता’ म्हणून अर्धा तास दारात उभं राहणारच. तुम्ही आणि आजी कोपऱ्यात बसून बघा, आणि हो, भांडी मोजून ठेवा, एक पळी तरी कुणाच्या खिशातून घरी जातेच.

प्रश्न : चहापार्टीला तीस माणसं आणि घरात सेट बाराचा. पेपर कप चालतील का? (कोल्हापूर)

उत्तर : चालतात, पण चहाला कागदाचा वास येतो आणि बशी नसली की बिस्किट मांडीवर. शेजारच्या दोन घरांतून मागून आणा आणि प्रत्येक घराच्या कपाच्या बुडाला वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, परत करताना भांडण नाही, ठिपका नंतर रिमूव्हरने जातो. नाहीतर मंडपवाल्याकडे कप-बश्या डझनावर भाड्याने मिळतात. वेगवेगळ्या सेटमधले कप एकत्र मांडले की ‘अरेरे’ नाही, ‘व्हिंटेज’ म्हणतात आजकाल.

आणि एक तक्रार : तुम्ही दिवाळीच्या आधीच्या अंकात लिहिलं होतं की काकडीची सँडविचेस रात्री करून ठेवा म्हणजे सकाळी घाई नाही. केली. सकाळी डबा उघडला तर पावाचा लगदा. मुलीच्या मैत्रिणींसमोर शोभा झाली. (ठाणे)

उत्तर : चूक माझी, शंभर टक्के. आदल्या दिवशीचा नियम मी सगळ्याला लावायला गेले आणि काकडीला पण लावला, आणि काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच. आता नीट सांगते: काकडी सोलून पातळ चकत्या, चिमूटभर मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं, मग स्वच्छ पंचात घट्ट दाबून पुसायच्या. पावाला बटर अगदी कडेपर्यंत लावायचं, मऊ बटर, एक पण कोपरा उघडा नको, म्हणजे पाणी पावात शिरत नाही. भरायची फार तर दोन तास आधी, कडा त्यानंतर कापायच्या, आणि वरून ओलं करून पिळलेलं मलमलचं फडकं टाकायचं. टोमॅटो असेल तर दोन तास पण नाही, पाहुणे बेल वाजवतील तेव्हा. मुलीच्या मैत्रिणींना परत बोलवा आणि या वेळी फसलं तर पत्र मला नावासकट छापायला पाठवा.